कुलूपबंद घरांचा रकाना

मॅडमच्या वडिलांना सकाळी चहाच्या आधी आकडा लागायचा.

"सहाशे चौदा!" ते फोन नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचे. "काल सहाशे बाराच होते गं!"

आकडा सायटेशनचा. म्हणजे मॅडमच्या एका शोधनिबंधाचा दाखला जगातल्या किती जणांनी आपापल्या निबंधांत दिला, त्याचा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या हाती असा रोज वाढणारा आकडा लागल्यावर तो सोडतोय कशाला! बाबा तो भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीने टिपून ठेवायचे आणि वाण्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे.

मॅडमच्या नावावर बेचाळीस निबंध होते. त्यातले एकेचाळीस कुणी वाचले असतील तर छापण्याआधी तपासणाऱ्यांनी, तेही नाइलाजाने. पण एकाने मात्र त्यांचं नाव केलं. एका वस्तीतल्या घरांना पिण्याच्या पाण्यात टाकायचं औषध दिलं, दुसऱ्या वस्तीला दिलं नाही, आणि वर्षभरात औषधवाल्या वस्तीतल्या मुलांचे जुलाब निम्म्यावर आले. साधी गोष्ट, स्वस्त उपाय. लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्या निबंधाच्या जोरावर मॅडम आपल्या संशोधन संस्थेच्या उपसंचालक झाल्या आणि आता संचालकपदाचा अर्ज टेबलावर पडला होता. त्यात एक रकाना होता: 'आपला सर्वांत प्रभावी निबंध.' बाकी अर्ज भरून झाला होता. त्या रकान्यापाशी चार दिवस घोडं पेंड खात होतं.

कारण तो निबंध चुकीचा होता, आणि हे मॅडमना तीन वर्षांपासून माहीत होतं.

तेव्हा, त्या अभ्यासासाठी घरोघरी जाऊन फॉर्म भरणाऱ्या सिस्टरचा निरोप समारंभ होता. चहाचा कप हातात धरून सिस्टर सहज बोलून गेल्या, "मॅडम, त्या औषधवाल्या वस्तीत माझे किती हेलपाटे झाले, आठवतंय? दवाखाना लांब. पोर आजारी पडलं की अख्खं घर कुलूप लावून तिकडे जायचं. मी आपली दारावरून परत."

मॅडमना ते फॉर्म आठवले. कुलूप असलं की सिस्टर फॉर्मवर 'घर बंद' लिहायच्या. पण कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नव्हता, अडून बसायचा. अहवालाची तारीख डोक्यावर होती. तेव्हा आकडे भरणाऱ्या मुलीला मॅडमनीच सांगितलं होतं, "अगं, अडतंय तिथे शून्य टाक आणि पुढे हो." शून्य म्हणजे जुलाब नाहीत. दुसऱ्या वस्तीला दवाखाना समोरच होता, तिथे दारं उघडी असायची आणि आजारी मुलं मोजली जायची.

समारंभाहून परतल्यावर मॅडमनी जुने फॉर्म काढले. कुलूपबंद भेटी एकशे बेचाळीस. ते शून्य काढून गणित पुन्हा केलं तर औषधाचा गुण जवळपास दिसेनासा झाला. त्यांनी फॉर्म कपाटात ठेवले आणि मूग गिळून गप्प बसल्या. स्वतःला समजावायला कारणं कमी नव्हती. औषधाने अपाय तर होत नाही ना. पुढे कुणीतरी तपासेलच. कुणी तपासलं नाही. आणि रोज सकाळी बाबा आकडा ओरडले की मॅडमना शरमेने त्यांच्याकडे बघवत नसे.

पण अर्ज टेबलावर असताना एका सकाळी बाबा नुसता आकडा सांगून थांबले नाहीत.

"सहाशे पंधरा! आणि हा कुणा प्रोफेसरचा नाही बरं का, एका नगरपालिकेचा अहवाल आहे. ऐक. 'सदर संशोधन पाहता नव्या जलवाहिनीचं काम पुढे ढकलून घरोघरी औषध वाटावं.' तुझ्या एका कागदावर गावाचं पाणी ठरतंय गं!"

मॅडमनी कप खाली ठेवला.

"बाबा, तो कागद खोटा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टर, कुलपं, शून्य, कपाट. बाबांनी चष्मा काढला. कॅलेंडरावरच्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे पाहिलं.

"मुलगा परीक्षेला आला नाही, तर मी त्याला कधी शून्य दिलं नाही," ते म्हणाले. "गैरहजर लिहायचो. तू माझ्याच वर्गात होतीस."

"हो."

"आणि तीन वर्षं मी हे पेढ्यासारखं वाटत फिरलो. तू मला फिरू दिलंस."

मॅडम रडल्या. बाबांनी जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

त्याच सकाळी मॅडमनी नगरपालिकेला कळवलं. मग निबंध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, आपली चूक आणि तीन वर्षांचं मौन, दोन्ही. संचालकपदाचा अर्ज टेबलावरच राहिला. पुढे निबंध मागे घेतला गेला, त्यावर लाल अक्षरांत तसा शिक्का बसला आणि ऑफिसात मॅडम आल्या की गप्पा थांबू लागल्या. नगरपालिकेचं उत्तर आलं: 'आपले आभार. तथापि औषधाची खरेदी झालेली असून जलवाहिनीचा निधी यंदापुरता अन्यत्र वळवला आहे.' मॅडमनी ते पत्र कपाटात ठेवलं नाही. टेबलाच्या काचेखाली, रोज दिसेल असं ठेवलं.

सगळ्यात वाईट म्हणजे आकडा थांबला नाही. लाल शिक्का बघतो कोण? लोक एकमेकांच्या यादीतून दाखला उचलत होते. सहाशे एकवीस. सहाशे सव्वीस. बाबा आता ओरडत नसत. खुर्ची ओढून समोर बसत, नवीन आलेली नावं वाचून दाखवत आणि मॅडम एकेकाला पत्र लिहीत: माझा निबंध वापरू नका, तो चुकीचा आहे. काहींची उत्तरं येत. बरीचशी येत नसत.

एका सकाळी बाबा फोन खाली ठेवून म्हणाले, "आज शून्य. एकही नवीन नाव नाही."

मॅडमना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पेनाला टोपण लावलं. चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेता घेता थांबल्या.

"बाबा, शून्य आहे, की पान उघडलंच नाही?"

बाबांनी चष्मा वर सरकवून फोन पुन्हा पाहिला. पान अर्धवटच उघडलं होतं. दोघंही ते पूर्ण उघडेपर्यंत बघत बसले.

"तीन," बाबा म्हणाले.

मॅडमनी पेन उघडलं. "सांगा नावं."