एक ठिपका जास्त

मित्रांनो, कानडी मुलखातल्या सागर तालुक्यातल्या एका गोठ्यात आज सकाळपर्यंत उलटी टांगलेली मी एक जुनी वेताची बुट्टी. गाईसुद्धा माझ्याकडे बघत नव्हत्या. पण एके काळी माझा थाट काही विचारू नका!

माझ्या मालकिणीनं, सेसम्मानं मला तांबड्या मातीनं सारवलं, वर तांदळाच्या पिठीनं केसासारख्या बारीक रेषा काढल्या. आश्विन पौर्णिमेला आमच्याकडे भाताचं शेत गर्भार असतं. त्याचं डोहाळजेवण माझ्यातून जायचं.

"सेसम्मा, रेषा तू काढल्यास की कोळ्यानं?" बायका विचारायच्या. मी अश्शी फुगायचे!

मग नवी बुट्टी आली आणि माझ्या नशिबी पालापाचोळा. गुरांखाली अंथरायला सेसम्मा आणि तिची लेक भागी मला रानातून भरून आणायच्या. आरोग्य खात्याची आशाताई, शारदक्का, गोचिडी चढू नयेत म्हणून तेल देऊन गेली होती.

"त्या वासानं गाय लाथ मारते," सेसम्मा कुरकुरली.

"मग खा गाईच्या लाथा, पण पायांना लाव!" शारदक्का म्हणाली.

बाटली कोनाड्यातच राहिली.

पौषात एके दिवशी रान गप्प झालं. एक हुप्प नाही, की फांदी हलली नाही. जांभळीखाली लहानसं वानर पडलं होतं. डोळे उघडे. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, त्याच्या गोचिडी चावल्या की माकडताप येतो, मला कळवा, असं शारदक्कानं बजावलं होतं.

"मारुतीराय आहेत ते. असंच टाकून जायचं?" सेसम्मा म्हणाली.

भागीनं जास्वंद वाहिली. शेताचं जेवण न्यायचं त्याच मायेनं त्यांनी त्याला माझ्यात ठेवलं, नेऊन बांधाला पुरलं.

वाटेत ते अंग गार होत गेलं, तसं त्याच्यावरून काहीतरी उतरू लागलं. तिळाएवढं. शेकड्यांनी. माझ्या विणीत शिरलं आणि वाट बघत बसलं. मला ओरडता कुठं येतं? संध्याकाळी भागीनं मला कमरेवर घेतलं.

तिच्या कमरेवर, पोटऱ्यांवर लाल चट्टे उठले. "खाजवू नको गं," एवढंच सेसम्मा म्हणाली. सातव्या दिवशी ताप असा भडकला की भागीला आई ओळखू येईना. हिरड्यांतून रक्त आलं. शारदक्कानं जीप बोलावली. पुढचे तीन आठवडे सेसम्मा इस्पितळाच्या पायरीवर ती तेलाची बाटली पोटाशी धरून बसली होती म्हणे.

भागी वाचली! केस गळाले, हातापायांच्या काड्या झाल्या, पण वाचली. आज सकाळी तिनंच मला खाली काढलं.

"अम्मा, या पौर्णिमेला हीच रंगवूया. माझी लाडकी आहे ही."

तिनं मला उजेडात धरलं.

"अम्मा, रेषेवर हा ठिपका तू काढलास?"

"मी ठिपके काढतच नाही."

ठिपका चालू लागला.

"टाक! टाक ती खाली!" सेसम्मा किंचाळली.

आता मी अंगणात आहे. माझ्याभोवती वाळलेला पाला रचलाय. भागी पायांना तेल चोळून, नाक मुरडत, डोळे पुसत काडेपेटी घेऊन उभी आहे.

मित्रांनो, रानातून आलात की आधी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात जोडा, पण लांबूनच. जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी मात्र उलटंच सांगते, मला जपू नका.

भागी, ओढ ना गं काडी! माझ्या विणीत अजून पावलं चालतायत.