पडलेलं हेल्मेट

"टाक ते, आय. एकदा जोरात आपटलं की हेल्मेट संपलं. वरून धड दिसतं, पण आतून मोडलेलं असतं," इग्नेशियसने बर्थाला दहादा सांगितलं होतं. पण ऐकेल तर ती बर्था कसली! पोरगा मुंबईच्या तबेल्यात घोडे फिरवायचा. पावसाळ्यात घोड्यावरून डोक्यावर पडला आणि ह्याच हेल्मेटने वाचला. मालकाने नवीन दिलं म्हणून काय जुनं उकिरड्यावर फेकायचं? असला कृतघ्नपणा बर्थाच्या घरात चालणार नव्हता. तिने ते गुपचूप उचलून मरियामातेच्या तसबिरीखाली ठेवलं, फादरांकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं.

नाताळ सरला की वसईचे टांगेवाले किनाऱ्यावर शर्यतीत घोडे पळवायचे. यंदा इग्नेशियसही उतरणार होता. आदल्या संध्याकाळी बर्थाने नव्या हेल्मेटची निळी खोळ काढून जुन्यावर चढवली आणि नवं पेटीत लुगड्यांखाली दडवलं. सकाळी पोरगा तेच घेऊन गेला. बर्था खुशीत होती.

मग ती टेबल पुसायला गेली. खोळ जिथे बदलली, तिथे तपकिरी भुगा सांडला होता. आधी तिला वाटलं, वाळवी. बोटांनी चोळला, तर बूच. हेल्मेटच्या आतल्या अस्तराचं बूच! काल आतून दाबलं तेव्हा ते दबत होतं, तिला वाटलं वापरून मऊ झालंय. तिने पेटी उपसली, नव्यात अंगठा दाबला. दगडासारखं घट्ट.

"अरे देवा, मी काय करून बसले!"

नवं हेल्मेट काखेत मारून ती गिरीज गावच्या वाड्यांमधून धावत सुटली. चपला कुठे गेल्या, डोक्यावरचा पदर कुठे गेला, तिला शुद्ध नव्हती. वाटेत कुणी विचारलं, काय झालं गो, तर ती थांबली नाही. पोराला आपल्या हाताने मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

किनाऱ्यावर बँड वाजत होता. घोडे लांब रांगेत उभे होते. आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी, बोडक्या डोक्याने, शेंगा खात इग्नेशियस!

"तू इथे?"

"माझी घोडी लंगडायला लागली, आय. हेल्मेट शत्रुघ्नला दिलं. तो नुसतं फडकं बांधून निघाला होता."

"वाचलास रे बाबा!" बर्थाने छातीवर क्रुसाची खूण केली. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. ती मटकन वाळूत बसली.

शेजारी शत्रुघ्नची आई उभी होती, खाडीकाठची जिजा. तिने वाकून बर्थाचा हात धरला. "तुज्या पोराचे उपकार गो. मी रातभर डोळा लावला नव्हता. आता घोर नाय."

तेव्हा कुठे बर्थाला उमगलं. हाताला आग लागल्यासारखा तिने हात ओढून घेतला. "इग्ना, धाव! ते जुनं आहे! मीच बदललं!"

शर्यत सुटल्याचा झेंडा पडला होता. इग्नेशियसने दोरीखालून उडी मारली, शर्ट काढून फडकावत तो थेट घोड्यांसमोर गेला. त्याच्या मागोमाग जिजाही आरडत पळाली, पण बँडपुढे कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. चारी बाजूंनी लोक शिव्या घालत होते. बाकीचे घोडे वाळू उडवत निघून गेले. शत्रुघ्नने लगाम खेचला, घोडा दोन पायांवर उभा राहिला, आणि शत्रुघ्न पाठीवरून घसरत पायांवर उतरला.

"वेडा झालास काय?" तो ओरडला.

इग्नेशियसने त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं. आत अंगठा दाबला. अंगठा पार कवचापर्यंत गेला, बुचाचे तुकडे वाळूत पडले. बर्था धापा टाकत पोचली.

"जिजा, मला माफ कर गो. मला वाटलं ते पावलेलं आहे. मला खरंच ठाऊक नव्हतं."

जिजा पोराचं डोकं दोन्ही हातांनी चाचपत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ते कलतंय मला. पन इग्ना शत्रुघ्नचं नाव बोलला, तवा तुला ठाऊक होतं. आनि तू हसलीस, बर्था. मी पायलं."