खडूतलं चाक

आमच्या घरात टोमणे मारायचं काम माझ्याकडे आणि खरं ठरायचं काम ऑर्व्हिलकडे. बर्बँकच्या आमच्या गॅरेजात तो शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनातले कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेले फिरते दांडे, घासून द्यायचा आणि त्याचं म्हणणं कधी चुकायचं नाही. असा नवरा असला की जीव नकोसा होतो.

कोरियाच्या लढाईवर निघायच्या आदल्या दिवशी आमच्या व्हर्ननं गॅरेजच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं: शेजारीशेजारी दोन टॅपेट, कॅमच्या उंचवट्यानं उचलले जाऊन व्हॉल्व्ह उघडणारे ते छोटे दांडे. "बाबा, टॅपेट कॅमवर घासतो म्हणून झिजतो ना? त्याच्या पायाला असं चाक लावलं तर? घासणारच नाही, नुसतं फिरेल. मग व्हॉल्व्ह कसला झटकन उघडेल!"

ऑर्व्हिल खो खो हसला. "टॅपेट जागच्या जागी वळेल आणि चाक आडवं होईल, शहाण्या, आणि कॅम खाऊन टाकेल. जा, आधी सैन्यात बटाटे सोलायला शीक."

व्हर्ननं हाताचा खडू झटकला. मार्चमध्ये तो मारला गेल्याची तार आली.

त्यानंतर त्या चित्रावर ऑर्व्हिलनं कोणाला पाय ठेवू दिला नाही. मला झाडूसुद्धा मारू देईना. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून तो चाकांचे टॅपेट करत बसला, अगदी चित्रात होते तसेच.

"अरे, आडवं होईल म्हणत होतास ना?" मी विचारलं.

"दोन-दोन टॅपेट पट्टीनं जोडले की नाही होणार."

"मग जोड की, मेल्या!"

"पट्टी माझी होईल, आयडा. हे त्याचं आहे. एकदा तरी माझं खोटं ठरू दे."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस हरायला निघाला होता. तो हरावा म्हणून मीही देवाला साकडं घातलं.

एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पोरं रांग लावून एकेक गाडी पळवायची आणि वेग मोजायची; तिथे व्हर्नचा दोस्त लायल ते टॅपेट बसवलेल्या गाडीत बसला. त्याला सगळं सांगितलं होतं. "फुटलं तर फुटलं," म्हणाला. आमच्या सँडविचमध्ये धूळ कचकचत होती. गाडी सुटली आणि तिचा तो चढता आवाज ऐकून रांगेतली पोरं उठून उभी राहिली. ऑर्व्हिलनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, जमलं.

अर्ध्या वाटेवर खाडकन आवाज झाला. मग सगळं गप्प.

गाडी ओढून आणली, इंजिन उघडलं. एक चाक आडवं झालेलं, कॅमचा उंचवटा कुरतडलेला.

"व्हर्न नेहमी सांगायचा, मिस्टर टॅल्बट," लायल हळूच म्हणाला, "बाबांचं कधी चुकत नाही." बिचाऱ्याला वाटलं, त्यानं बरं वाटेल.

ऑर्व्हिल सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. तार आली त्या दिवशीही रडला नव्हता.

घरी आल्यावर तो तडक गॅरेजात गेला. मी दारात उभी राहिले. गुडघे टेकून त्यानं खडू घेतला आणि व्हर्नच्या दोन चाकांच्या वर एक आडवी पट्टी काढली. एवढीशी रेघ.

"त्याला एवढंच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "आणि मी हसलो."