बिनपाकाचा खाजा

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना, आणि शिरोड्याच्या सीताबाईंकडे सलग चार कार्तिक माहेरचं माणूस आलं नव्हतं.

माहेर तळेऱ्याच्या आतल्या अंगाला. कार्तिकात तिथली जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी भावाने सासरी दिलेल्या बहिणीकडे खाजा घेऊन जायचं, ही गावाची रीत. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, तो हा खाजा. धाकटा भाऊ दत्ताराम पस्तीस वर्षं तीन गाड्या बदलून यायचा. पुडा हातात द्यायचा, दोन दिवस राहायचा, समुद्राला नावं ठेवायचा आणि जायचा.

२०१५ साली सीताबाईंना मधुमेह निघाला. त्यांनी फोनवर सांगितलं, "दत्तू, औंदा खाजा आणू नको रे. डॉक्टरान गोड बंद केल्यान."

"बरा," तो म्हणाला. आणि आलाच नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन करी, पाऊस, काजू, गुडघे, एवढं बोलून ठेवून देई. का येत नाहीस, हे विचारायला सीताबाईंची जीभ रेटेना. त्याच वर्षी दत्तारामची बायको वारली होती आणि तापामुळे त्यांना बाराव्याला जाता आलं नव्हतं. तो राग त्याने धरला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला होता, तो वारून आठ वर्षं झालेली. मुलगा सुशांत पणजीला. कार्तिकात त्या उगाचच गाडीच्या वेळेला दारात येऊन बसत.

त्या उन्हाळ्यात सून संचिताने स्टीव्हियाची कुंडी आणून दिली. "आई, ही गोड तुळस. साखरेऐवजी चहात घाला, तुम्हाला चालते." सीताबाईंनी पान चावलं. खरंच गोड. चहा बाजूलाच राहिला, त्यांच्या मनात पहिला आला तो खाजा. कार्तिकापर्यंत त्यांनी पानं सावलीत सुकवली, कुटली, वस्त्रगाळ केली, लोणच्याच्या लहान बरणीत भरली. आणि जत्रेच्या दिवशी कुणाला न कळवता तीन गाड्या बदलून माहेरी गेल्या.

दुपारी देवळासमोर दुकानं नुकतीच लागत होती. खाजेवाला चंदन गुळाची कढई चढवत होता. त्यांनी बरणी पुढे केली.

"ह्या काय, काकी?"

"पालो. गोड आसा. माका ह्याचो पाव किलो खाजा करून दी."

चंदनने चिमूटभर जिभेवर ठेवली. "गोड खरो. पण पाक खंयसून येतलो? गुळाक तार येता. ह्याका काय येतली, फांदी?"

"करून तरी बघ."

त्याने पातेलीत पाणी घेऊन पूड उकळली. हिरवं पाणी झालं, आटलं, आणखी हिरवं झालं. कांड्या टाकल्या तशा त्या मऊ पडल्या.

"काकी, ही भजयांची आमटी झाली."

सीताबाई बघत राहिल्या. साठ वर्षं खाजा खाल्ला, पण गूळ नुसता गोड करत नाही, धरूनही ठेवतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. "परत कर," त्या म्हणाल्या.

"बाय? तू खंयसून इलंस?" मागून आवाज आला. दत्ताराम. वाळला होता.

"तुझ्याच वाटेन. तीन गाडये बदलून."

"आणि ह्या काय चल्लाहा?"

"साखर नसलेलो खाजा. मगे तुका आणूक अडचण नाय."

दत्ताराम बाकावर टेकला. "आणू नको म्हटलंस तू. मगे बहिणीच्या दारात रिकाम्या हातान उभो रवू?"

"म्हणान चार वर्षां?"

"म्हणान."

"माका वाटला, बाराव्याक नाय इलंय म्हणान रागावलंस."

"तापान फणफणत होतंस तू. राग कित्याचो?"

"रिकामो इलंस तरी चालला असता रे."

चंदनने मान वर न करता कोरड्या कांड्या थोड्या गरम तेलात घोळवल्या, वर पूड आणि सुंठ भुरभुरली, कागदात घालून मध्ये ठेवल्या. दोघांनी खाल्ल्या. आधी गोड, मग जिभेच्या मुळाशी कडू.

"औषधासारख्या लागता," दत्ताराम म्हणाला.

"खा गप."

पुढच्या वर्षी रोगाच्या साथीमुळे जत्रेत दुकानंच लागली नाहीत. तरी दत्ताराम शिरोड्याला आला, रिकामे हात पाठीमागे बांधून दारात उभा राहिला. दोन दिवस पाल्याचा चहा प्यायला, कडू म्हणाला, समुद्राला नावं ठेवली. २०२१ च्या मे महिन्यात तो वारला. माहेरच्या घराला कुलूप आहे.

चंदनने एक हंगाम पाल्याचा खाजा ठेवून पाहिला. कुणी घेतला नाही. आता तो गुळाचाच करतो. संचिताने आणलेलं रोप पावसात कुजलं, पण सीताबाईंनी आधीच फांदी तोडून दुसऱ्या कुंडीत लावली होती. ती जगली. कार्तिक आला की त्या पानं सुकवतात, कुटतात, बरणी भरतात. दुपारच्या गाडीच्या वेळी अजून दारात येऊन बसतात. गाडी थांबते, दोन-चार माणसं उतरतात, आपापल्या वाटेने जातात.