शिनूकच्या दुपारी मला वळणी केलं

मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी वायर आहे. अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत, उंचावरच्या एका विरळ वस्तीच्या काउंटीत मी राहते. इथे हिवाळ्यात पारा उणे तीसलाही जातो. इंजिन गोठू नये म्हणून गाडीतल्या हीटरला रात्रभर माझ्यातून वीज देतात. सकाळी गाडी सुरू झाली की कौतुक मात्र गाडीचं!

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या वॉन शहरातल्या एका कारखान्यातला. पहिला मालक शेतकरी होता. सूर्य कलला की तो न चुकता मला गाडीला जोडायचा. घर विकताना त्याने मला इथेच ठेवलं. मग पूर्वेकडच्याच कनाटा उपनगरातून पुष्कर आणि माधवी हे जोडपं आलं. पुष्कर मोठा इंजिनिअर. खिडकीतून ऊन दिसलं की कोट उतरवणारा!

इथली हवा लबाड आहे. भर हिवाळ्यात शिनूक नावाचा कोरडा, गरम वारा डोंगरावरून उतरतो आणि काही तासांत बर्फाचं पाणी करतो. जाणती माणसं त्याला पाहुणा समजतात. आमच्याकडे त्याला वसंत समजले.

२०१७च्या फेब्रुवारीत असाच वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्गरीला माधवीचा नागरिकत्वाचा शपथविधी होता. कित्येक वर्षं ती त्याची वाट पाहत होती. नागपूरहून आलेल्या लताआजी, म्हणजे पुष्करच्या आई, अंगणात आल्या.

“काय ऊन पडलंय रे! गोधड्या धुऊन टाकते. दोरी कुठेय?”

“ही घे ना, आई.” पुष्करने मला गाडीपासून उपटलं.

“अरे, रात्री प्लग-इन करायची ना?” माधवीने विचारलं.

“चिल! नऊ अंश आहे. विंटर संपला.”

“डॅड, इट्स फेब्रुअरी,” त्यांची ईशिता म्हणाली. ऐकतो कोण?

दोन खांबांमध्ये मला ताणलं. ज्या अंगातून वीज वाहायची, त्यावर ओल्या गोधड्या!

संध्याकाळी वारा फिरला. घरात सगळे शपथेच्या तयारीत. माझी आठवण कुणाला? सकाळी उणे सव्वीस. गोधड्या फळ्यांसारख्या कडक, मी त्यांच्याखाली अडकलेली. गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. शेजारी मैलभर लांब, तोही परगावी. पुष्करने मला हिसडा दिला, तशी माझी साल तडकली. मला सोडवून, चिकटपट्टी लावून, इंजिन तापेपर्यंत दुपार झाली. तिकडे शपथ इतरांनी घेतली. पैठणीवर जाड कोट घालून माधवी पायरीवर बसून राहिली.

“सॉरी,” पुष्कर म्हणाला.

“वायरला म्हण,” ती म्हणाली.

त्याने मला गुंडाळून कोपऱ्यात टाकलं.

माधवीला जूनमधली नवी तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी, वीस अंशांच्या उबदार हवेत, पुष्करने मला गाडीला जोडलं आणि पुन्हा पुन्हा येऊन तपासलं! एवढ्या शिकलेल्या माणसाकडून मी आता जास्त अपेक्षा ठेवत नाही.

मित्रांनो, तुम्ही तरी एका दुपारच्या उबेला भुलू नका. ज्या वस्तूचं जे काम, ते तिला करू द्या. आणि वळणीला दोरी आणा. दुकानात मिळते.