पडद्यावर बरी झालेली छाती

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मोठा पडदा, पडद्यावर माणसाएवढा एक्स-रे, आणि तो एक्स-रे माझा! फुप्फुसावर पांढरा डाग स्पष्ट दिसत होता. परके लोक माझ्या बरगड्यांकडे टक लावून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको ते जावो, हवं ते राहो!" महाराज गरजले. भक्त त्यांना काहीही म्हणोत, मी त्यांना खोडरबरबाबा म्हणत असे. "ताई, श्वास सोडा! बघा, रोग निघाला!"

महाराजांनी हवेत हात फिरवला. डाग फिकट होत होत नाहीसा झाला. टाळ्यांचा एकच कडकडाट!

शेजारी आमचे हे चक्क रडत होते. ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोत मध्येच घुसलेला वाढपी असो की मोडलेल्या संसारातला जावई, हे कॉम्प्युटरवर त्यांना बेमालूम पुसून टाकतात. अशा माणसाने माझं उद्याचं ऑपरेशन सकाळीच रद्द केलं होतं. "चिरफाड टळली तर बरंच ना गं?" म्हणाले, आणि घाबरलेल्या मीही मान डोलावली.

महाराजांनी 'बऱ्या झालेल्या' छातीचा फोटो माझ्या हातात ठेवला. तो बघता बघता माझा हात खांद्याकडे गेला. मागे स्कूटरवरून पडले, तेव्हा तिथल्या हाडाला डॉक्टरांनी स्टीलची पट्टी बसवली होती.

"महाराज, माझी पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"स्टीलची. आधीच्या फोटोत होती, यात नाही."

महाराज गडबडले, पण क्षणभरच. "कृपा झाली की नको ते सगळंच जातं, ताई!"

"मग हे काय लागतंय?" पुढच्या रांगेतल्या बाईंचा हात मी माझ्या खांद्यावर टेकवला.

बाईंनी चाचपून पाहिलं. "अगंबाई, आहे की पट्टी!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी ह्यांच्याकडे वळले. "आता तुम्हीच सांगा. रोजचं काम आहे तुमचं."

हे मान खाली घालून उठले. "नको त्या वस्तूवर ब्रश फिरवला, की कॉम्प्युटर आजूबाजूचाच भाग उचलून तिथे भरतो. सकाळी आपल्याकडून एक्स-रे नेलेल्या यांच्या माणसाला डाग कुठला अन् पट्टी कुठली ते कळलं नाही. पांढरं दिसलं ते सगळं पुसलं. मग पडद्यावर जुना फोटो हळूहळू घालवायचा आणि पुसलेला आणायचा, झालं. ही बघा, बरगडीवरची एकच खूण दोनदा आलीय."

"तुम्हाला कधी दिसली ती?" मी विचारलं.

"लगेच." हे म्हणाले. "वाटलं, बोललो तर डाग परत येईल."

मला ह्यांची लाज वाटली. मग मान डोलावलेली आठवली, आणि स्वतःची त्याहून जास्त वाटली.

"मी आईची औषधं बंद केलीत," मागून एकजण पुटपुटला. त्याला मान वर करवत नव्हती.

"आजच सुरू करा," हे म्हणाले. "फोटो पुसलाय, आजार नाही. डॉक्टरांकडे जा, पुन्हा तपासणी करा, शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पण डोळे उघडे ठेवा हो! माझे उघडे होते, तरी मी मिटून घेतले."

महाराज कधी सटकले, कुणालाच कळलं नाही.

आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. "ऑपरेशन रद्द का केलं होतं?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. पाहुणे आले, गावाला गेलो, असं काहीही सांगता आलं असतं. मागे रांग होती, सगळे ऐकत होते.

"माझा मूर्खपणा," हे मोठ्याने म्हणाले. "बाबाच्या नादी लागलो होतो. मिळेल ती पहिली तारीख द्या."