कागदावर कापलेलं देऊळ

प्रमोदिनी जिंतूरची. तिचे वडील अनंतराव तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. मुलीनं डी.एड. करावं आणि जवळपासच्या शाळेत लागावं, एवढंच त्यांचं साधं म्हणणं होतं. ती आर्किटेक्चरला आली. मी सुनेत्रा, पूर्णा जंक्शनची, रेल्वेतल्या गार्डची मुलगी. औरंगाबादच्या हॉस्टेलवर आम्हा दोघींची खोली एक आणि वर्गही एक.

आपली मुलगी नक्की काय शिकते हे आमच्या घरी कुणालाच नीट सांगता यायचं नाही. आई क्वार्टरमधल्या शेजारणींना सांगायची, "घरांचे नकाशे काढायला शिकायलीय." त्यावर एकीनं विचारलं होतं, "मग तलाठी होणार का?" सुट्टीला जाताना ड्रॉइंग बोर्ड खांद्याला लावून एस.टी.त चढलं की कंडक्टर हमखास म्हणायचा, "कॅरम वर टपावर टाका." टी-स्क्वेअरची लांब पट्टी तर दर वेळी कुणाच्या तरी पागोट्यात अडकायची. शाईचं पेन आठवडाभर गुणी पोरासारखं चालायचं आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी, शीटच्या अगदी मधोमध, थेंब टाकायचं. मग ब्लेडनं तो डाग खरवडायचा. जास्त खरवडला की ट्रेसिंग पेपरला भोक. भोक पडलं की तिथं एक झाड काढायचं. आमच्या वर्गातल्या बंगल्यांभोवती एवढी गर्द झाडी का असते, असं एकदा सरांनी विचारलं होतं.

प्रमोदिनी झाड काढायची नाही. भोक पडलं तर ती नवा कागद घ्यायची आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू करायची. तिचा हात काही फार सुबक नव्हता, वेगही नव्हता. पण तिच्या शीटवर जे असेल ते खरं असायचं. मॉडेलची भिंत वाकडी झाली तर आम्ही तिथं स्पंजचं झुडूप चिकटवत होतो, ती भिंत उखडून परत कापत होती. मला तिचा राग यायचा आणि तिच्याइतकं दुसरं कुणी आवडायचंही नाही.

तिसऱ्या वर्षी एक जुनी वास्तू मोजून तिचे नकाशे काढायचे होते. त्या वर्षी नामांतराच्या बंदमुळे सगळं वेळापत्रक मागंपुढं झालेलं, म्हणून बहुतेकांनी जवळचं धरलं. कुणी मकबरा, कुणी दौलताबाद, कुणी वेरूळ. तिथले नकाशे पुस्तकांत छापलेले होते, हा आणखी एक फायदा. प्रमोदिनी उठून म्हणाली, "सर, आम्ही चारठाण्याचं एक देऊळ मोजतो."

"आम्ही" मधली दुसरी मी आहे हे मला तेव्हाच कळलं.

सर म्हणाले, "दोघी मुली. खेड्यात. जमेल?"

"जमेल, सर."

चारठाणा फाट्यावर उतरलो तेव्हा दोघींच्या हातात मिळून बोर्ड, टेप, ओळंबा, बॅटरी, छत्री आणि कागदांची मोठी गुंडाळी होती. अनंतरावांच्या ओळखीचे एक शिक्षक गावात होते, त्यांच्या घरी उतरायचं ठरलं होतं. त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, आम्हाला बघितलं आणि आधी छत्री हातातून घेतली. "उन्हाळ्यात छत्री कशाला गं?"

"वटवाघळांसाठी," प्रमोदिनी म्हणाली.

ते खरंच होतं. चारठाण्यात जुनी देवळं बरीच. आम्ही निवडलेलं गावाच्या कडेला होतं, मोठं नव्हतं, पण खांबांवरचं कोरीव काम असं की पहिल्यांदा बघताना मी बोर्ड खाली ठेवायचा विसरले. गाभाऱ्यात वटवाघळं. मी उघडी छत्री धरायची, तिच्याखाली उकिडवं बसून प्रमोदिनी मापं घ्यायची आणि मोठ्यानं सांगायची. वरून काही पडलं की मी किंचाळायची. माझ्या किंचाळण्यानं आणखी वटवाघळं उडायची. "सुनेत्रा, किंचाळ, पण टेप हलवू नको," एवढंच ती म्हणायची.

खरी अडचण मंडपात होती. उजव्या बाजूचे दोन खांब कमरेच्या वरपर्यंत गोवऱ्यांमागे गडप झाले होते. आम्ही तिथं उभ्या असतानाच हातात खराटा घेऊन एक म्हातारी आली. ती दगडाबाई. देवळाला लागूनच तिचं घर. देऊळ झाडायची, संध्याकाळी दिवा लावायची ती एकटी.

"काय करायलाव गं पोरींनो?"

"आजी, देऊळ मोजायलोत."

"मोजून काय करायलाव? सरकार घेणार हाय का?"

"न्हाई आजी. शिकायला मोजायलोत."

"माझ्या गोवऱ्याला हात लावायचा न्हाई. बाहेर ठिवल्या की लोक नेतेत."

मी प्रमोदिनीच्या कानात म्हटलं, डावीकडचे खांब मोजू, उजवीकडचे तसेच असणार. वर्गातल्या कुणीही तेच केलं असतं. ती म्हणाली, "तसेच असतील तर मोजायला काय हरकत आहे?" आणि दगडाबाईच्या शेजारी पायरीवर बसली. बराच वेळ बोलत बसली, देवळाबद्दल नाही, तिच्या गुडघ्यांबद्दल, म्हशीबद्दल, मंठ्याला दिलेल्या तिच्या लेकीबद्दल. शेवटी विचारलं, "आजी, मी एकेक उतरवली, खांब बघितला आणि होती तशी परत रचली तर चालंल?"

"एक बी मोडली तर?"

"तर मी थापून देईन."

दगडाबाई हसली, पहिल्यांदाच. "शिकल्याली पोरगी शेण थापणार! बग म्हणं."

त्या दिवशी आम्ही गोवऱ्या उतरवल्या आणि रचल्या. संध्याकाळी माझ्या अंगाला जो वास येत होता तो घेऊन मी आश्रुबांच्या हॉटेलात चहा प्यायला बसले. फाट्यावरचं ते पत्र्याचं हॉटेल. आश्रुबा स्वतः स्टोव्हला पंप मारत होते आणि आम्ही दुसऱ्या दिवशीचं ठरवत होतो.

"उद्या कुठून कापायचं?" मी विचारलं.

"गाभाऱ्याच्या बरोबर मधून. कळसापासून सरळ खाली."

"आणि आडवं?"

"आडवं खांबांच्या कमरेतून कापू."

आम्ही आमच्या वर्गातल्या भाषेत बोलत होतो. आश्रुबांचा पंप थांबला होता, ते आमच्या लक्षात आलं नाही.

सकाळी आम्ही बाहेर पडायच्या आत आबासाहेबांचा निरोप आला. आबासाहेब म्हणजे गावातली मोठी आसामी. कमलबाई घाबरून आमच्याबरोबर निघाल्या. ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. आश्रुबा एका कोपऱ्यात. दगडाबाईही खराट्यासकट आलेली.

आबासाहेब शांत आवाजात म्हणाले, "पोरींनो, तुमी मास्तराच्या घरच्या पाव्हण्या. म्हणून आदी विचारायलोय. देऊळ कापायलाव म्हणं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कळसापसून खालवर कापायचं ठरलंय. आश्रुबानं सोताच्या कानानं ऐकलंय." दुसरा म्हणाला, "खाली धन हाय म्हणून कापायलेत." एकानं आमच्या पिशवीतलं ब्लेडचं पाकीट वर धरून सगळ्यांना दाखवलं. दाढीच्या ब्लेडनं देऊळ कसं कापणार, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी रडायच्या बेतात होते. प्रमोदिनी इकडंतिकडं बघत होती. ओसरीच्या कडेला टोपलीत पपया होत्या, परड्यातल्या झाडाच्या.

"आबासाहेब, यातली एक पपई घेऊ का? आणि विळी लागंल."

आबासाहेबांनी मान हलवली. आतून विळी आली. प्रमोदिनी सगळ्यांच्या मधे खाली बसली, पपई देठावर उभी धरली.

"समजा हे देऊळ. भायेरून बघून साल किती जाड हाय ते सांगता येतंय का?"

"न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"आत पोकळ किती, बिया कुठपर्यंत?"

"कसं सांगता यील?"

तिनं पपई वरून खाली सरळ चिरली आणि एक फोड त्यांच्यापुढं धरली. "आता बघा. ही साल म्हणजे भिंत. ही पोकळी म्हणजे गाभारा. वर निमुळतं होत गेलंय ते शिखर. सगळं दिसायलंय. आमाला देवळाचं असंच बघायचंय. पण देवळाला कोण विळी लावतंय? म्हणून भायेरून मोजायचं, आतून मोजायचं आन् कागदावर कापायचं. याला आमच्यात कापणं म्हणतेत. देवळाला टवका बी जाणार न्हाई."

आबासाहेबांनी ती फोड हातात घेऊन निरखून बघितली, जणू पपई आजच बघत होते. "मंजी कापायचं ते कागदावर."

"कागदावरच."

"आन् हे ब्लेड?"

"शाई सांडली की खरवडायला."

ओसरीवर कुणीतरी हसलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आश्रुबा उठून उभे राहिले. त्यांच्या मनात अजून थोडी शंका होती. "आन् ते कमरेतून आडवं कापायचं म्हणाल्या ते?"

प्रमोदिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिनं उरलेली फोड आडवी चिरली आणि वरून दाखवली. "आश्रुबा, पोकळीचा आकार बघा. असं वरून बघितलेलं म्हणजे प्लॅन. कुठली भिंत कुठं, दार कुठं, सगळं यात."

फोडी माणसामाणसांत फिरल्या, सगळ्यांनी बघितल्या आणि मग खाल्ल्या. दगडाबाईनं बी थुंकून निकाल दिला, "गोड हाय." आबासाहेब म्हणाले, "कापा. बिलकुल कापा. पाहिजे ती मदत मागा."

त्या मदतीनं पुढचे दिवस जास्त अवघड केले. मंडपाच्या आतली उंची घ्यायला आबासाहेबांनी लांब वेळू पाठवला. त्याच्या टोकाला टेप बांधून वर नेताना खालून दहा माणसं वेगवेगळ्या दिशा सांगायची. कुणी ओळंब्याच्या दोरीला हात लावून विचारायचं, "हे डुलायचं कवा थांबतंय?" आणि हात लावल्यामुळं ती पुन्हा डुलायची. प्रमोदिनीनं एकदाही आवाज चढवला नाही. एकेकाला काम दिलं. जो जास्त बोलायचा त्याच्या हातात टेपचं टोक दिलं, कारण टोक धरणाऱ्याला हलता येत नाही. आश्रुबा रोज चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, "आज कुठून कापलं?"

निघायच्या आधी तिनं एकदा शेवटचं म्हणून गोवऱ्या परत उतरवून उजवीकडचा मागचा खांब पुन्हा मोजला, या वेळी बॅटरी लावून. तो डावीकडच्यासारखा नव्हता. बैठकीवरची नक्षी अर्धीच कोरलेली होती, कारागीर मधेच उठून गेल्यासारखी. 'तसेच असणार' असं मीच म्हटलं होतं; आता त्याची वेगळी मापं मी वहीत उतरवून घेतली.

औरंगाबादला येऊन आम्ही शीट काढायला बसलो. देवळाचा छेद, म्हणजे कळसापासून खाली कापलेलं चित्र, तिनं काढला, अक्षरं मी घातली. त्या छेदात मंडपाच्या उजव्या बाजूला तिनं गोवऱ्यांची रास काढली, मापासकट, आणि रासेमागं झाकलेले खांब तुटक रेघेनं दाखवले. सरांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "प्रमोदिनी, ही प्राचीन वास्तू आहे, गोठा नाही. हे खरवडून टाक."

"सर, ते देऊळ झाडलेलं आहे, दिवा लागतो. दगडाबाई तिथं येते-जाते म्हणून. तिच्या गोवऱ्या काढून टाकल्या तर तिथं कुणीच नसतं असं वाटेल. तसं नाहीये."

"परीक्षक बाहेरचे आहेत. मार्क कापले तर मला सांगू नको."

सर गेल्यावर ब्लेड मीच उचललं, हे सांगायलाच हवं का? तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आपण त्या उतरवल्यात, सुनेत्रा. आपल्याला माहिती आहे त्या तिथं आहेत."

परीक्षक पुण्याचे होते, वयस्कर, कमी बोलणारे. आमच्या शीटपुढं येऊन चष्मा वर केला.

"हे काय? दगड निखळून पडलेत?"

"नाही, सर. गोवऱ्या आहेत."

मागं सगळा वर्ग हसला. सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"गोवऱ्यांमागचं तुम्हाला कसं दिसलं?"

"उतरवल्या, सर. खांब मोजले आणि परत रचल्या."

ते वाकले. तुटक रेघेवरून बोट फिरवत खांबाच्या बैठकीपर्यंत आले आणि थांबले. "हा खांब वेगळा आहे."

"हो, सर. काम अर्धंच राहिलंय त्याचं."

ते सरळ झाले आणि सरांना म्हणाले, "हे शीट कॉलेजात ठेवून घ्या." नंतर माझ्याकडं वळले. "अक्षरं कुणाची?"

"माझी, सर."

"डाव्या हातानं काढली का?"

मी खरंच डावरी आहे. "हो, सर," म्हटलं. या वेळी तेही हसले.

आमचा नंबर दुसरा आला. पहिला वेरूळवाल्यांचा, त्यांची अक्षरं फार सुंदर होती. प्रमोदिनीला त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि ते तिला सांगायचं म्हणून मी मेसमध्ये तिच्यासमोर ताट घेऊन बसले. वाक्य मनात नीट जुळवलं. मान वर केली तर ती भाकरीचा घास हातात धरून, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मी तिच्या हाताखालची आमटीची वाटी हळूच बाजूला सरकवली आणि जेवायला लागले.